काळा खडा आणि हरभऱ्याची आंब

माझ्या सासऱ्यांना काळा रंग खपत नसे आणि त्यांचं सगळं घर काळ्यावरच उभं होतं. रामटेकच्या बाजूला मँगनीजच्या खाणी होत्या, तिथे त्यांचा खोदकामाचा ठेका होता. काळाकुट्ट आणि दिसतो त्याच्या दुप्पट जड असा तो दगड बायका टोपल्यांनी वाहून आणायच्या. मग तो रेल्वेच्या वाघिणींत भरला जाऊन मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जायचा. त्याच्या पैशातून सीताबर्डीवर दुमजली घर झालं, दारात बैलांची दमणी आली, सासूबाईंच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आली. पण त्या धंद्यातलं काळं उंबऱ्याच्या आत येता कामा नये, असा सासूबाईंचा दंडक होता. खाणीवरून आले की मामंजी न्हाणीघरात शिरून कितीतरी वेळ हात घासत बसायचे. नखांच्या कडा तरी काळ्या राहायच्याच.

घरात यायला परवानगी होती ती खड्यांना. काळ्या दगडाच्या पोटात कुठे पोकळी लागली तर तिच्यात स्फटिकांचे घोस सापडत. टोकदार, पैलूदार, कोणीतरी बसून कोरल्यासारखे. मजुरांना ताकीद होती, असा खडा दिसला की घण थांबवायचा आणि मालकाला हाक मारायची. या खड्यांवर बहुतेक वेळा मँगनीजचा काळा थर चढलेला असे. मामंजी खडा हातात घेत, अंगठा जिभेला लावत आणि थर घासून पाहत. खाली पांढरं चमकलं की त्यांचा चेहरा खुले. मग चिंच, लिंबू, राख, तारेचा ब्रश, सगळी फौज निघायची. काळ्याचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत खड्याची सुटका नव्हती. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असे धुतलेले खडे ओळीनं मांडले होते. सगळे पांढरेफटक आणि सगळे सारखेच.

ही त्यांची सवय मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांच्या हातात दगड नव्हता, माझ्या बहिणीचा हात होता.

आमचे वडील महाल वस्तीतल्या शाळेत मास्तर होते. आम्ही दोघी बहिणी. ताई सावळी, खरं म्हणजे काळीच. मी उजळ. ताईसाठी या घरी बोलणं लावलं होतं. रिवाजाप्रमाणे त्यांनी आमच्याकडे यायला हवं होतं, पण सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून मुलीलाच घेऊन या असा निरोप आला. वडील ताईला घेऊन निघाले आणि तिला सोबत म्हणून मला घेतलं. ताई त्याच दिवाणखान्यात, त्याच कपाटासमोर पाटावर बसली. नाव विचारून झालं, वाचायला लावून झालं, चालवून झालं. मग मामंजींनी पाण्याचा गडू मागवला, आपला रुमाल भिजवला आणि ताईचं मनगट हातात धरून खसाखसा घासलं.

"पावडर लावली असंल तर खालचा रंग समजते," ते म्हणाले.

रुमाल उजेडात धरून त्यांनी पाहिला. रुमाल स्वच्छ होता. शेजारी त्यांचे एक दोस्त बसले होते, त्यांच्याकडे वळून म्हणाले, "रंग पक्का हाये गा." दोस्त हसले. मग वडिलांना म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. आमच्याकडे काळं फक्त वाघिणीत भरतात." यावर आतल्या बायकाही हसल्या, मला ऐकू आलं. ताई मान खाली घालून मनगटावरचं पाणी पुसत होती. तेवढ्यात मामंजींची नजर माझ्याकडे गेली. "अन् हे पोट्टी कोन? धाकटी काय? हिचं पाहा ना मंग."

वर्षभरात माझं त्या घरात लग्न झालं. ताईचं कुठंच जमलं नाही. मुलीला हात लावून नाकारली, ही गोष्ट महालभर झाली होती. ती मुलींच्या शाळेत शिकवायला लागली आणि वडिलांच्या घरीच राहिली.

मी त्या घरात सून होऊन गेले ती सूड घ्यायलाच. हे मी कोणापासून लपवलं नाही. आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, पुढे नवऱ्यालाही भांडणात सांगितलं. तो भला माणूस, आठवड्यातले बरेच दिवस खाणीवर असायचा. त्यानं ऐकलं आणि जेवायला वाढ म्हणाला. सासू-सासऱ्यांनी मला छळलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण त्यांनी मला सोन्यानं मढवलं. आलेल्या-गेलेल्याला सासूबाई माझा हात धरून दाखवायच्या, "पाहा वं, कशी हळदीवानी हाये आमची सून." प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे ताईचं ते ओलं मनगट यायचं. मी हसून पाया पडायची आणि आत जाऊन दात-ओठ खायची. साप डूख धरतो म्हणतात. मी सापाला शिकवलं असतं.

आणि मग तो काळा खडा आला.

खाणींची पाहणी करत फिरणारा एक गोरा साहेब होता. नोकरी संपवून तो विलायतेला परतणार होता आणि जाण्याआधी हिंडून हिंडून खडे गोळा करत होता. मामंजींच्या आशेला धुमारे फुटले. आपला खडा साहेबाच्या संग्रहात जावा, त्याखाली आपलं नाव लागावं आणि जाता जाता साहेबानं वर दोन शब्द टाकावेत, म्हणजे रायसाहेबकी कुठं जात नाही, असा त्यांचा हिशोब. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दारावरची पाटी नव्यानं रंगवून घेतली तेव्हा रंगाऱ्याला सांगून नावाच्या आधी पदवीपुरती जागा मोकळी सोडायला लावली.

साहेब आला. कपाटातले खडे त्यानं पाहिले. प्रत्येक खड्यापुढे "अच्छा है" म्हणाला, जसं पाहुणे दुसऱ्याच्या मुलाला म्हणतात. मामंजींचा चेहरा उतरत चालला. निघताना ओसरीवर त्याला एक टोपली दिसली. तिच्यात आदल्याच दिवशी खाणीवरून आलेला एक घोस होता, न धुतलेला. साहेब टोपी काढून तिथंच उकिडवा बसला. खिशातून भिंग काढून किती तरी वेळ पाहत राहिला. मी दाराआडून पाहत होते, म्हणून मलाही तो नीट दिसला. आतले स्फटिक बोटांएवढे होते आणि त्यांवर काळा थर असा चढला होता की मोहरीएवढे गोल गोल दाणे एकमेकांना चिकटून बसलेले, आणि त्या काळ्याला मांजराच्या पाठीसारखी झाक होती. मला दगडांचं काही कळत नव्हतं. पण तो सुंदर आहे एवढं कळलं.

"सेठजी," साहेब म्हणाला, "इसको धोना मत. ये काला मत निकालना. ऐसा ही चाहिए. जाने के पहले हम आएगा, ले जाएगा."

साहेबाची गाडी वळली नाही तोच घरात खल सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या सायबाच्या हातात अस्सं काळं देता? शोभंल का?" मामंजींची अडचण निराळी होती. त्यांचा सगळा जन्म माल विकण्यात गेलेला. गिऱ्हाईक जे म्हणतं त्याच्या उलट खरं, हे त्यांचं शास्त्र. "धुऊ नको म्हणते म्हंजे आत काहीतरी हाये," ते सासूबाईंना म्हणाले, "सायब लोक काय येडे नाहीत. आपल्याले समजू नाही म्हणून म्हणून राहिला तो." पण साहेबाचा शब्द मोडायची हिंमतही होईना. खडा दिवाणखान्यात तिपाईवर पडून राहिला. मामंजी येता-जाता त्याच्यापुढे थांबायचे, अंगठा जिभेपर्यंत न्यायचे आणि परत खाली घ्यायचे.

माझी वेळ आली होती हे मला त्या अंगठ्यावरून कळलं. साहेबानं धुऊ नका म्हटलं होतं, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. खडा धुतला तर साहेब तो नाकारणार, याच दिवाणखान्यात, याच कपाटासमोर. मला तेवढंच हवं होतं. माझ्या बहिणीला ज्या जागी नको म्हटलं त्या जागी या माणसाला कोणीतरी नको म्हणावं. मग मी मरायला मोकळी.

जो गुळानं मरतो त्याला विष कशाला? मी खोटा शब्द एकही बोलले नाही. फक्त चहा देताना तिपाईकडे पाहायची आणि उसासा टाकायची.

"काय झालं, सूनबाई?"

"काही नाही, मामंजी. सायब म्हनते तर राहू द्या तसाच. लोकाईले काय, लोक म्हनतीन यायच्या घरी धुवालेही कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी म्हणायची, "कपाटातले कसे देवावानी दिसते. हाच एक बिचारा." सासूबाई लगेच माझी री ओढायच्या. मामंजी चिडायचे, परत खड्यासमोर जाऊन उभे राहायचे. शेवटी एके दिवशी ते पान लावत बसलेले असताना मी अगदी सहज म्हणाले, "आपल्याकडे तर काळं फक्त वाघिणीतच भरतात ना, मामंजी?"

मला वाटलं ते दचकतील. माझ्याकडे वळून पाहतील. निदान हातातलं पान तरी थांबेल. ते खूश झाले! "वा, सूनबाई. लाख बोलली," म्हणाले. ते वाक्य आपलंच आहे, कुठं आणि कोणाला म्हटलं होतं, काही म्हणता काही त्यांना आठवलं नाही. ज्या वाक्यानं माझ्या बहिणीचा जन्म वाळत घातला ते त्यांनी पानाच्या पिंकेबरोबर कधीच थुंकून टाकलं होतं. त्या क्षणापर्यंत माझ्या मनात थोडी धाकधूक होती, ती गेली. धुवा म्हटलं, चांगला धुवा.

चिंचेनं काही झालं नाही. लिंबानंही नाही. थर चिवट होता. मग सासूबाईंना आंब आठवली. आमच्याकडे हरभऱ्याच्या शेतात थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पिकावर धोतरं पसरून ठेवतात. पहाटेच्या दवात हरभऱ्याची आंबट खार उतरते, धोतरं ओलीचिंब होतात, ती उजाडताच पिळून घ्यायची. ती आंब पोटदुखीवर देतात. पितळेवर घातली तर पितळ सोन्यासारखं होतं आणि कपड्यावरचा गंजाचा डागही तिनं निघतो. "लोखंडाचा डाग जाते, मंग ह्यो काहून नाही जाणार?" सासूबाई म्हणाल्या. उमरेडच्या रस्त्याला आमचं शेत होतं. आंब आणायला मी आपण होऊन निघाले.

सासूबाई दमणीतच घोंगडी पांघरून बसल्या आणि मी वावरात उतरले. पांढरी धोतरं हरभऱ्यावर अंथरलेली, दवानं जड झालेली. शेत राखणारी सोकारीण एक टोक धरायची, मी दुसरं, आणि उलट्या बाजूंनी पीळ देत मडक्यात पिळायचो. धार पिवळसर पडायची. थंडीनं माझ्या बोटांना भेगा होत्या, त्यांत ती आंब अशी झोंबायची की डोळ्यांत पाणी यायचं. सोकारीण म्हणाली, "राहू द्या वं बाई, तुमचे गोरे हात खराब होतीन." मी म्हटलं होऊ दे. त्या घराचं इतक्या मनापासून मी दुसरं कुठलंच काम केलं नव्हतं. पिळताना तोंडानं पुटपुटत होते ते देवाचं नाव असावं असं सोकारणीला वाटलं असणार.

चिनी मातीच्या बरणीत आंब ओतून खडा तिच्यात बुडवला आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. लगेच बारीक बुडबुडे यायला लागले. मामंजी लहान मुलासारखे वाकून पाहायला लागले. "काम करून राहिली! काम करून राहिली!" बुडबुडे कशाचे होते ते पुष्कळ पुढे नवऱ्याकडून कळलं. तो स्फटिक गारेच्या जातीचा नव्हता, चुन्याच्या जातीचा होता आणि चुन्याच्या जातीला आंबट लागलं की तो काळ्याआधी स्वतःच विरघळायला लागतो. तेव्हा घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. थोडा धीर धरला असता तरी निम्मं वाचलं असतं, पण मामंजींचं पी हळद हो गोरी! रोज बाहेर काढायचे, तारेच्या ब्रशानं घासायचे, परत ताज्या आंबेत बुडवायचे. बरणीतलं पाणी तपकिरी झालं, मग घाण झालं, आणि एके दुपारी काळ्याचा शेवटचा ठिपका गेला.

खाली जे निघालं ते पाहायला सगळे वाकले. टोकं गेली होती. पैलू गेले होते. चोखून थुंकलेल्या खडीसाखरेसारखे बोथट, मळकट खुंट उरले होते आणि त्यांवर पांढुरकी साय धरली होती. मामंजींनी तो उन्हात धरला, सावलीत धरला. मग हळूच म्हणाले, "जरा खोबरेल आणा." त्यांनी त्या खड्याला तेल चोळलं. तेलानं थोडी चमक आली तसे सासूबाईंनी मोठ्यानं म्हटलं, "आता कसा दिसते!" मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

साहेब सांगितल्याप्रमाणे आला. मामंजी फेटा बांधून तयार होते. खडा रेशमी रुमालावर ठेवला होता. मी चहाचा ट्रे घेऊन पडद्यामागे उभी होते. साहेबानं खड्याकडे पाहिलं.

"अच्छा है," म्हणाला आणि इकडे-तिकडे पाहायला लागला. "सेठजी, वो काला वाला किधर है?"

मामंजींनी खडा रुमालासकट पुढे सरकवला. "हुजूर, यही तो है," ते कसंबसं म्हणाले. "आपके वास्ते धुलवाया."

साहेबानं खडा उचलला. फिरवून पाहिला. खाली ठेवला तेव्हा त्याची बोटं तेलकट झाली होती. त्यानं खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसलं आणि रुमालावरच्या डागाकडे पाहिलं. रागावला असता तर मामंजींनी पाय तरी धरले असते. तो रागावला नाही. "नहीं," एवढंच म्हणाला, टोपी घातली आणि चालता झाला. मामंजी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले, हात जोडलेले, फेट्याचा शेमला हलत होता. येताना त्यांची पावलं मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाची वाटली. ते येऊन पाटावर बसावं तसं जमिनीवर बसले. मान खाली.

मला दया आली नाही. आली असती तर तसं लिहिलं असतं. साहेबाचा न उष्टावलेला कप मी पडद्यामागे उभ्या उभ्याच प्याले. साखर जरा जास्त पडली होती. पाटीवरची मोकळी जागा मामंजी असेपर्यंत मोकळीच राहिली. त्यानंतर त्यांनी एकही खडा घरी आणला नाही.

ही बातमी मला कधी एकदा ताईला सांगते असं झालं होतं. होळीच्या सुमाराला माहेरी गेले. आई आणि ताई गच्चीवर कुरड्या घालत होत्या. मी चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली. सासूबाईंचा आवाज काढला, साहेबाची बोटं पुसून दाखवली, हात जोडून मामंजींसारखी फाटकापर्यंत चालून दाखवली. आई हसून हसून रडायला लागली. ताई सोऱ्या फिरवत राहिली. कुरडईचा वेढा पुरा केला, दुसरी घातली, तिसरी घातली.

"झालं तुझं?" तिनं विचारलं.

"तुले काहीच नाही वाटत? मी तुह्यासाठी केलं सारं. त्या घरात मी गेलीच होती त्याच्यासाठी."

ताईनं सोऱ्या बाजूला ठेवला. हाताला चिकटलेला चीक ती निरपत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो किती जुना आणि किती जपून ठेवलेला होता हे मला, रागातल्या माणसाला, लगेच ओळखू आलं.

"त्या म्हाताऱ्याचा राग माह्या मनात फार तर एक उन्हाळा होता," ती म्हणाली. "त्यानं मले नाही म्हटलं. असे नाही म्हणणारे मंग किती आले. बाबानं तुले एकटीले बोलावून विचारलं होतं. म्हणे, तुह्या बहिणीले ते असं बोलले, तुले जायचं का वं त्या घरी? नाही म्हण, मी तसं कळवतो. मी रांधणीत होती, मले सारं ऐकू आलं. तू दम नाही घेतला. हो म्हटलं."

"सूड घ्यायचा होता म्हणून."

"असंल बाप्पा," ताई म्हणाली. "पण बाहेर आली तेव्हा तू मले सूड नाही सांगितला. शालू कोणत्या रंगाचा घेऊ, असं विचारलं."

आईनं परातीकडे मान वळवली. ताईनं सोऱ्यात चीक भरला आणि पुढची कुरडई घालायला घेतली. मला पुष्कळ बोलता आलं असतं, माझं तोंड कधी कोणाला हार गेलेलं नाही. पण लग्नात मी डाळिंबी शालू नेसले होते आणि तो रंग मला खुलेल असं तिनंच सांगितलं होतं.